कौन्सिलमन टकर यांचं मत

कौन्सिलमन वेंडेल टकर बोट दाखवायचे एकाकडे आणि दचकायचा दुसराच. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून डावीकडे वळलेली होती. मेयरना उद्देशून ते काही बोलले की बोट नेमकं शेजारच्या खजिनदाराकडे जाई आणि तो बिचारा उगाच फाइल चाळायला लागे. "माझं बोट बघू नका, नजर बघा," असं ते नव्या लोकांना आधीच सांगून ठेवत. बाकीची बोटंही धड नव्हती. तरुणपणी ते बेसबॉलमध्ये कॅचर होते. कॅचर म्हणजे आपला विकेटकीपरच, फक्त हातमोजा एकाच हातात. दुसऱ्या हाताचं काय होतं ते टकर यांच्याशी हस्तांदोलन केल्यावर समजायचं.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'अमेरिकेत भेटलेलं एक माणूस' यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. बरेचजण आपल्या पहिल्या घरमालकिणीवर लिहितील. माझी पहिली घरमालकीण लिहिण्यासारखी नव्हती.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहतो. ऐंशीच्या सुमारास गाड्यांचा खप पडला तेव्हा माझ्या नवऱ्याच्या, सुरेशच्या, कंपनीतलं अर्धं ड्रॉइंग ऑफिस घरी बसलं. सुरेशची नोकरी राहिली, पण किती दिवस ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून मीही नोकरी धरली. डेट्रॉइटच्या हद्दीला चिकटलेल्या एका लहान गावाच्या नगरपालिकेत मी डेप्युटी क्लार्क झाले. कुत्र्याचं लायसन्स देण्यापासून कौन्सिलच्या सभेचं इतिवृत्त लिहिण्यापर्यंत सगळी कामं. पंधरा दिवसांनी एकदा, संध्याकाळी, मेयर धरून पाच कौन्सिलर्स अर्धगोल टेबलामागे बसत आणि मी टोकाला वही घेऊन बसे.

पहिल्याच सभेत टकर माझ्यापाशी आले. काळा सूट, काळा टाय, पांढरे झालेले बारीक केस. माझं आडनाव त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं. "सबनीस. सबनीस. ठीक आहे, मॅडम क्लार्क," असं म्हणून जागेवर गेले. मी डेप्युटी आहे, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "मी बढती दिली. पगाराचं मेयरना विचारा."

त्यानंतर सभा संपली की त्यांचा प्रश्न ठरलेला.

"माझं आजचं सगळ्यात चांगलं वाक्य लिहिलंत?"

"नाही. फक्त ठराव लिहिला."

"शहाण्या आहात. ठराव माझा नव्हताच."

आमच्याकडे इतिवृत्तात भाषणं लिहीत नाहीत. सूचना कोणाची, अनुमोदन कोणाचं, कोणी काय मत दिलं, एवढंच. लोक का हसले ते कुठेच राहत नाही. त्यामुळे त्यांची वाक्यं मी आता आठवणीतून सांगतेय.

गावाच्या मधून मालगाडीचे रूळ जातात. पश्चिमेला गोरे, पूर्वेला काळे, अशी वस्ती. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. टकर यांचं पूर्वेला फ्युनरल होम होतं, मयताची सगळी व्यवस्था करून देणारं. ईस्ट साइडचं कोणीही गेलं की त्यांच्याकडेच येई. या धंद्याचा त्यांनी राजकारणात पुरेपूर वापर केला. निवडणुकीत दारोदार जाऊन ते सांगत, "मत आज द्या नाहीतर पुढच्या वेळी द्या. मला घाई नाही. शेवटी तुम्ही माझ्याकडेच येणार." विरोधी उमेदवारानं एकदा सभेत विचारलं, की बेसबॉल खेळणाऱ्या माणसाला कारभारातलं काय कळतं? तेव्हा व्हाइट हाउसमध्ये सिनेमातून आलेले गृहस्थ होते. टकर म्हणाले, "देशाला नट चालतो. गावाला कॅचर का चालू नये? आम्ही निदान पाठ केलेलं बोलत नाही."

मेयर फर्निचरचे दुकानदार होते. सतत हसतमुख. दुकानात सोफा दाखवतात त्याच आवाजात ते ठराव मांडत. एकदा त्यांनी अर्धा तास गावाच्या प्रगतीवर भाषण केलं. टकर डोळे मिटून ऐकत होते. मेयरनी विचारलं, "वेंडेल, झोपलात का?" टकर एक डोळा उघडून म्हणाले, "नाही. माझ्या धंद्यात इतका वेळ एका जागी स्तब्ध राहणारा माणूस पाहिला की मी शवपेटीची मापं घेतो. तुम्ही हललात, पुढे बोला."

मेयरही हसले. टकर यांच्या बोलण्याला सगळे हसत. हसून झाल्यावर मत मात्र आपापल्या जागी असे. हे त्यांना ठाऊक होतं. मला ते कळायला वर्ष लागलं.

बेसबॉलबद्दल ते आपणहून बोलत नसत. सभेपूर्वी ऑफिसातल्या कॉफीच्या टेबलाशी ते लवकर येऊन बसत आणि खिशातून पेपरमिंटच्या गोळ्या काढून चघळत. अशाच एका संध्याकाळी मी विचारलं, की तुम्ही खेळ का सोडला? मला खेळात गती नाही. पण कॉफीला वेळ लागत होता.

त्यांनी सांगितलं ते असं. आधी ते काळ्यांच्या लीगमध्ये खेळत. मोठ्या लीगनं काळ्यांना बंदी केली होती, त्यामुळे काळ्यांच्या स्वतःच्या टीम होत्या, स्वतःच्या बस, स्वतःचे मॅनेजर, रविवारी भरलेली मैदानं. मग मोठ्या लीगमध्ये पहिला काळा खेळाडू गेला, ज्याचं नाव सगळ्या जगाला माहीत आहे. त्याच्या मागोमाग लहान गावांतल्या गोऱ्यांच्या टीमही एकेक दोनदोन काळे खेळाडू घेऊ लागल्या. दक्षिणेतल्या अशाच एका टीमनं टकर आणि आणखी एकाला घेतलं.

"तिथे बॅट्समनच्या एक हात मागे मी बसायचो. तो मला ऐकू येईल असं, आणि मलाच ऐकू येईल असं, शिव्या द्यायचा. त्याच्या हातात बॅट, माझ्या तोंडावर जाळीचा मुखवटा. उत्तर दिलं तर मला घरी पाठवणार. मग मी त्याच्या आईची चौकशी करायचो."

"आईची?"

"हो. आई बऱ्या आहेत का? गुडघे दुखतात का अजून? अगदी काळजीनं. तो विचारात पडायचा, याला माझी आई कशी माहीत? तेवढ्यात चेंडू माझ्या हातात." त्यांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "राजकारण मी तिथेच शिकलो."

गावातल्या हॉटेलात काळ्यांना जागा नव्हती. टीमनं या दोघांची सोय एका काळ्या अंडरटेकरच्या घरी केली. खाली प्रेतं, वर हे. "इतकं शांत हॉटेल पुन्हा मिळालं नाही," टकर म्हणाले. दुसऱ्या वर्षी त्यांच्या जोडीदाराचा पाय मोडला. मॅनेजरनं टकर यांना बोलावून घेतलं. म्हणाला, आता तू एकटा पडशील, तुला वाईट वाटेल, म्हणून तुलाही सोडतोय. तेव्हा पद्धतच अशी होती, की काळे घ्यायचे ते जोडीनं. खोली दोघांची, प्रवासातली सीट दोघांची.

"म्हणजे तुमचा खेळ चांगला असूनसुद्धा?"

"मला विषम संख्येनं बाद केलं, मॅडम क्लार्क. त्याच्यापुढे कोणाचा खेळ चालणार?"

ते आपल्या जुन्या टीमकडे परत गेले. तिथे टीम नव्हती. लोक आता मोठ्या लीगमधले काळे खेळाडू बघायला जात. मैदान रिकामं पडलं, बस विकली गेली. "त्यांनी आमच्यातले खेळाडू नेले. मॅनेजर नेले नाहीत, तिकिटं फाडणारा नेला नाही, बस चालवणारा नेला नाही. सगळे म्हणाले, दार उघडलं. उघडलं, खरं आहे. मी आत जाऊन आलो. बाहेर येऊन बघतो तर माझं घर पाडलेलं." मग ते त्या अंडरटेकरकडेच काम शिकले आणि पुढे मिशिगनला आले.

कॉफी झाली होती. त्यांनी माझा कप भरून दिला. मी आभार मानले आणि सभागृहातले माइक तपासायला गेले.

गावात मुलांची बेसबॉल लीग वेस्ट पार्कवर चाले. तिचा नियम होता, की रुळांच्या पश्चिमेला राहणाऱ्या मुलांनाच प्रवेश. नियमात रंगाचा शब्द नव्हता. म्हणून टकर यांनी फार पूर्वी ईस्ट साइडच्या मैदानावर मुलांची वेगळी लीग सुरू केली. कोच सगळे वस्तीतले. मुख्य कोच रेजी, न्हावी होता. शनिवारी दुकान बंद ठेवून मुलांना खेळवायचा. मैदान काही ठीक नव्हतं, एका बाजूला उतार होता. मी एकदा तिथल्या स्टॉलचं परमिट द्यायला गेले होते, तेव्हा आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या, कोणी मका भाजतंय, आणि रेजी कोणाला तरी ओरडतोय, "डोळे उघडून मार रे, डोळे!" तेवढंच पाहिलं आणि परत आले.

एका वर्षी ऑक्टोबरात मेयरनी ठराव आणला. नाव होतं 'युवा क्रीडा एकत्रीकरण'. पूर्व-पश्चिमेचा नियम रद्द, सगळ्या मुलांची एकच लीग, वेस्ट पार्कवर. ईस्ट साइडचं मैदान रिकामं होईल, ते ट्रक उभे करायला एका गोदाम कंपनीला द्यायचं. मेयर म्हणाले, "आजपासून या गावात रूळ फक्त मालगाडीसाठी आहेत." टाळ्या झाल्या. एकत्रीकरणाच्या विरोधात बोलणार कोण? आणि टकर बोलले तर जग म्हणणार, हा काळ्यांना वेगळं ठेवतोय.

टकर बोलले. "मेयर साहेब, मी एकदा एकत्र झालेलो आहे. मला त्याचा अनुभव आहे." लोक हसले. "नियम रद्द करा, माझं पहिलं मत तुम्हाला. पण मैदान का घेता? आणि आमचे कोच कुठे जाणार?"

"प्रेक्षक म्हणून त्यांचं स्वागत आहे."

"मुलं रुळांपलीकडे जाणार कशी?"

"बसचा विचार चालू आहे."

"त्या विचारात किती मुलं बसतात?"

पुन्हा हशा. मतदान नोव्हेंबरच्या पहिल्या सभेत ठेवलं. गणित उघड होतं. मेयर, फ्लेचर नावाचे एक इस्टेट एजंट आणि मिसेस नोव्हाक हे तिघं ठरावाच्या बाजूनं. विरोधात टकर आणि स्टॅन डोंब्रोव्स्की. हे युनियनमधून निवृत्त झालेले पोलिश गृहस्थ. आवाज मोठा, पोटात काही राहत नसे. ते आणि टकर वर्षानुवर्षं शेजारी बसत, एकमेकांच्या गोळ्या खात आणि बहुतेक वेळा तीन विरुद्ध दोन असे हरत.

त्या संध्याकाळी ईस्ट साइडची माणसं भिंतीला टेकून उभी होती. रेजी पहिल्या रांगेत. मी नावं पुकारली. डोंब्रोव्स्की, "नो." फ्लेचर, "येस." मिसेस नोव्हाक, "येस." टकर.

"येस."

मी वर पाहिलं. नियमाप्रमाणे ऐकू आलं नसेल तरच पुन्हा विचारायचं असतं. मी पुन्हा विचारलं.

"माझा उच्चार स्पष्ट असतो, मॅडम क्लार्क. येस."

डोंब्रोव्स्कींनी खुर्ची सरकवून त्यांच्याकडे पाहिलं. "वेंडेल, हे काय केलंस तू?" रेजीनं टोपी घातली आणि तो बाहेर गेला. त्याच्यामागून बाकीचे गेले. कोणी आरडाओरडा केला नाही. चार विरुद्ध एक मतांनी ठराव मंजूर, असं मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाइप करताना माझ्या लक्षात आलं. लक्षात येणं भाग होतं. सभेचे नियम हे माझं कामच होतं. मंजूर झालेला विषय पुढच्या सभेत पुन्हा उघडता येतो. पण फेरविचाराची सूचना फक्त जिंकलेल्या बाजूनं मत दिलेला सदस्यच आणू शकतो. हरलेल्याला तो हक्क नाही. टकर यांनी 'नो' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. 'येस' म्हणून त्यांनी दार पंधरा दिवस उघडं ठेवलं.

दुपारी ते काउंटरवर आले. "पुढच्या सभेची विषयपत्रिका कधी बंद होते?"

"शुक्रवारी. तुम्हाला काही घालायचंय?"

"नाही."

"फेरविचाराची सूचना पत्रिकेवर असावी लागत नाही," मी म्हटलं. "नियम पाठ आहेत मला."

ते म्हणाले, "मग कधी गप्प बसायचं, तेही पाठ असेल."

होतं. मेयरना सुगावा लागला असता तर तातडीची बैठक बोलावून त्यांच्याच माणसानं फेरविचार मागितला असता आणि आपल्या तिघांना बांधून घेऊन तो पाडला असता. एकदा पडलेला फेरविचार पुन्हा आणता येत नाही.

घरी जेवताना सुरेश म्हणाला, "अगं, तुझा तो कौन्सिलमन विकला गेला म्हणे. प्लँटवर सगळे तेच डिस्कस करतायत."

"नाही विकला गेला," मी म्हटलं आणि नियम सांगितला.

"कसला डोकेबाज आहे यार! पण मग लोकांना कॉन्फिडन्समध्ये घ्यायचं ना."

"लोकांना सांगितलं की मेयरना कळलं."

"आणि तरी दोघंच ना ते? तो आणि तो पोलिश?"

"तिसरं मत कबूल केलं असेल कोणी. त्याशिवाय ते असं करणार नाहीत."

"आणि त्या तिसऱ्यानं ऐन वेळी कॅन्सल केलं तर?"

मी त्याला आमटी वाढली.

ते पंधरा दिवस टकर यांच्यावर कसे गेले ते मला तुकड्यातुकड्यांत दिसलं. ते केस कापायला रेजीकडे गेले तेव्हा खुर्ची रिकामी होती. रेजी म्हणाला, भरलेली आहे. पुढच्या आठवड्यात ते ऑफिसात आले तेव्हा कल्ले त्यांनी स्वतःच कापलेले दिसले, एक वर एक खाली. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर दुसरं कोणी बसेना. ईस्ट साइडच्या एक वृद्ध बाई वारल्या. त्यांच्या घरच्यांनी त्यांना टकर यांच्याकडे न आणता डेट्रॉइटला नेलं. मृत्यूचा दाखला माझ्याकडे आला, त्यावर दुसऱ्याच फ्युनरल होमचं नाव होतं. मी शिक्का मारला.

काउंटरपाशी कोणीतरी टकर यांच्या तोंडावर म्हणालं, "काय मिळालं, वेंडेल?" त्यांनी गोळी पुढे केली. त्या माणसानं घेतली नाही. त्यांनी ती परत खिशात ठेवली.

मिशिगनमध्ये नोव्हेंबरच्या मध्याला हरणांच्या शिकारीचा सीझन उघडतो आणि अर्धे कारखाने उत्तरेला जंगलात जातात. डोंब्रोव्स्की दरवर्षी जात. यंदा सभा असल्यामुळे पहिला आठवडा सोडणार, असं ते ऑक्टोबरात म्हणाले होते. मतदान झाल्यावर त्यांनी बेत बदलला. मला फोन करून म्हणाले, "गैरहजर लिही. त्या माणसाशेजारी मला बसायचं नाही." मी लिहिलं. मी कोणाला बोलले नाही; टकर यांना त्यांची रिकामी खुर्ची सभेलाच दिसली. खुर्चीकडे बघून ते क्षणभर उभे राहिले, मग बसले.

प्रेक्षकांत तीन-चारजण होते, कुत्र्यांच्या नियमासाठी आलेले. विषय संपत आले तेव्हा टकर म्हणाले, "मेयर साहेब, मागच्या सभेत मी बहुमताच्या बाजूनं मत दिलं होतं. त्या नात्यानं मी एकत्रीकरणाच्या ठरावाच्या फेरविचाराची सूचना मांडतो."

मेयरचं हसू जागेवर होतं, पण थांबलेलं. शहर वकिलानं त्यांच्या कानाशी काही सांगितलं. मेयर म्हणाले, "सूचना आली आहे. अनुमोदन?"

अनुमोदन कोणीही देऊ शकतं. पण कोणीतरी द्यावं लागतं. फ्लेचर छताकडे बघत होते. मिसेस नोव्हाक पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या. टकर त्यांच्याकडे वळले नाहीत. बोट, नजर, काहीच कोणाकडे गेलं नाही. हीटर सुरू झाला, त्याचा आवाज आला. मेयर घाई न करता थांबले, हे मला सांगायला हवं. पुरेसा वेळ दिला त्यांनी.

"अनुमोदनाअभावी सूचना रद्द."

"मेयर साहेब," टकर म्हणाले, "आत्ता या खोलीत जे ऐकू आलं, ते इतिवृत्तात घ्यावं अशी माझी विनंती आहे."

"काहीच ऐकू आलं नाही, वेंडेल."

"तेच."

कोणी हसलं नाही. मी लिहिलं : सूचना टकर, अनुमोदन नाही. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या करारावर सह्या झाल्या.

सभेनंतर बायकांच्या बाथरूममध्ये मिसेस नोव्हाक बेसिनपाशी उभ्या होत्या. मी काही विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "मी कबूल केलं होतं त्यांना. मेयरना पहिल्या मतदानापुरता शब्द दिला होता, म्हणून सांगितलं, परत आणा, मी फिरते. स्टॅननं अनुमोदन दिलं असतं तर मी हात वर केला असता. देवाशपथ. पण पहिली मी? मला माझ्या रस्त्यावर, त्याच शेजाऱ्यांत राहायचंय."

"पेपर टॉवेल तिकडे आहेत," मी म्हटलं.

डोंब्रोव्स्की उत्तरेहून परत आले, इतिवृत्त वाचायला माझ्या काउंटरवर उभे राहिले आणि तिथेच खाली बसले. स्टुलावर. "मला का नाही सांगितलं त्यानं?" त्यांनी तीनचारदा विचारलं. मग म्हणाले, "हरणसुद्धा नाही मिळालं."

हा प्रश्न मी टकर यांना पोचवला. ते म्हणाले, "स्टॅनला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत हॉटेलातल्या वेट्रेसलासुद्धा कळलं असतं. कॅचर पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, खूण करतो ती मांडीआड, बॅट्समनला दिसू नये म्हणून. मी इतकी झाकली की माझ्याच पिचरला दिसली नाही. चूक माझी." एवढं बोलून त्यांनी मृत्यूच्या दाखल्यातल्या वडिलांच्या नावाच्या दुरुस्तीचा एक अर्ज पुढे केला, त्यांच्या कोणा गिऱ्हाइकाचा होता, आणि आम्ही त्या कामाला लागलो.

त्यांनी लोकांना समजवायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. चर्चमध्ये उठून फेरविचाराचा नियम सांगितला. मागून कोणीतरी हसलं. ते थांबले आणि खाली बसले. मला नंतर म्हणाले, "समजावून सांगावा लागेल असा विनोद मी जन्मात केला नाही. आता मत कसं समजावू?" माझ्याकडे जे विचारायला आले त्यांना मी नियम दाखवला. फार कोणी आलं नाही. चार विरुद्ध एक, टकर, येस. वाचायला तेवढंच होतं आणि ते खरंही होतं.

मे महिन्यात वेस्ट पार्कवर एकत्रित लीगचं उद्घाटन झालं. मला नगरपालिकेतर्फे माइक आणि खुर्च्या बघायच्या होत्या. मेयरनी टकर यांना मंचावर बोलावलं. "गोऱ्यांच्या टीममध्ये खेळलेल्या पहिल्या काही काळ्या खेळाडूंतले जे एक, आणि ज्यांच्या मतामुळे आज आपली मुलं एका मैदानावर उभी आहेत," असं ते म्हणाले. सगळे उभे राहिले. टकर यांनी माइक घेतला. लोकांचे चेहरे हसायला तयार होते. मीसुद्धा वाट बघत होते.

"थँक यू," ते म्हणाले. "मुलांना उन्हात उभं ठेवू नका."

माइक त्यांनी माझ्या हातात दिला.

नोव्हेंबरात ते निवडणूक हरले. ईस्ट साइडच्याच मतांनी हरले. पराभवानंतर ते आपली नावाची पाटी न्यायला आले, मला "मॅडम क्लार्क" म्हणाले आणि गेले. त्यांच्या जागी आलेले गृहस्थ वेळेवर येतात आणि वेळेवर जातात. त्यांचं एकही वाक्य मला आठवत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी. बस अजून विचाराधीनच होती. आयांना शनिवारी कामं असत आणि रुळांवरून पोरांना पायी पाठवायला कोणी धजत नसे, त्यामुळे पहिल्या वर्षी ईस्ट साइडची निम्मी मुलं आलीच नव्हती. मग टकर फ्युनरल होमची लांब काळी गाडी काढू लागले, मयताच्या नातेवाइकांना स्मशानात नेतात ती. एकेका घरापुढे थांबून हॉर्न न वाजवता वाट बघायचे. आईबाप त्यांच्याशी बोलत नसत. दार उघडून पोरांना आत बसवत आणि घरात जात.

मी पश्चिमेकडून फाटकाशी पोचले तेव्हा मालगाडी जात होती, नव्या गाड्यांनी भरलेली, लांबलचक. डब्यांच्या फटीतून पलीकडे ती काळी गाडी दिसत होती, मग नाहीशी होत होती, मग पुन्हा दिसत होती. आत निळ्या टोप्यांची दाटी. वेस्ट पार्कवर खेळ सुरू झाल्याचा भोंगा इकडे ऐकू आला. गाडी संपेना. टकर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून मागे वळून काहीतरी सांगत होते.

फाटक वर गेलं. त्यांची गाडी माझ्या शेजारून गेली. मागच्या लांब सीटवर पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती, एकानं तर टोपी तोंडात कोंबली होती. टकर यांचे ओठ हलत होते. काचा वर होत्या. काय सांगत होते ते मला ऐकू आलं नाही. माझ्यामागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि मी पुढे निघाले.